चौथा दगड

शिओरी उदागावा ते काम घ्यायला गेली, तेव्हा वेळेत परतून मुलीला शाळेतून आणायचं, एवढीच चिंता तिच्या डोक्यात होती. फुकुओकात जुलैचं ऊन भाजत होतं. झाडांवरचे किडे एकाच सुरात किरकिरत होते, इतके की थोड्या वेळाने तो आवाज ऐकू येईनासा व्हायचा.

तोबिइशी ही गेम बनवणारी कंपनी. नदी ओलांडायला पात्रात टाकलेल्या दगडांना तिकडे तोबिइशी म्हणतात. गेम सुरू होण्याआधी कंपनीच्या नावाचं जे हलतं चित्र पडद्यावर येतं, त्या लोगोसाठीच लोक ही कंपनी ओळखायचे. निळंशार पाणी, त्यात ओळीने चार दगड. गोल टोपी घातलेली एक लहान मुलगी पाठमोरी येते आणि टुणटुण उड्या मारत पलीकडे जाते. पाय पडेल त्या दगडावर नावाचं एकेक अक्षर उजळतं. चौथ्या दगडावर तिचा पाय लटपटतो, ती सावरते, आपल्याकडे वळते आणि म्हणते, "चल ना खेळायला…"

शेजारच्या दारात उभं राहून मुलं मैत्रिणीला हाक मारतात, अगदी तोच लांबवलेला सूर. त्या हाकेला दोनच उत्तरं असतात, 'आले' किंवा 'नंतर'. शिओरी लहान असताना घराघरांतली मुलं पडद्याकडे बघून 'नंतर' असं ओरडायची आणि मग गेम खेळायची. मुलगी वळायची खरी, पण टोपीखाली तिला चेहरा नव्हता. नुसती सावली होती.

आता कंपनीचे जुने गेम नव्याने निघणार होते आणि लोगो पुन्हा काढायचं काम शिओरीकडे आलं होतं. घरी बसून चित्रं हलती करणं हाच तिचा व्यवसाय.

कंपनीचे मालक मुनाकाता साठी ओलांडलेले, गोल चेहऱ्याचे, हसतमुख. त्यांनी स्वतःच्या हाताने गार जवाचा चहा ओतला.

"सगळं बदल," ते म्हणाले. "पाणी बदल, रंग बदल. तेवढी लटपट मात्र तशीच ठेव. लोकांचा जीव आहे तिच्यावर. एका पठ्ठ्याने तर लग्नाच्या केकवर काढून घेतली होती."

"पहिलं चित्र कुणी काढलं होतं?"

"माझ्या भागीदाराने. खरी मुलगी नदीवर नेऊन टेप घेतली आणि त्यावरून काढलं. म्हणून इतकं जिवंत आहे ते."

"ती मुलगी आता माझ्याएवढी असेल."

मुनाकातांनी पेला तिच्याकडे सरकवला. "घे ना, बर्फ वितळतोय."

टेप त्यांनीच काढून दिली. मागच्या खोलीत जुनं यंत्र होतं, त्यावर शिओरीने ती लावली. पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती पाण्याची. ते निळं नव्हतंच. तांबडं, गढूळ, फुगलेलं पाणी दगडांच्या माथ्याला चाटून जात होतं. मुलगी अनवाणी होती. ती उड्या मारत पलीकडे जायची, परत यायची. कॅमेऱ्याच्या मागून एका पुरुषाचा आवाज यायचा, "छान. आणखी एकदा."

ती पुन्हा जायची. "मस्त. आणखी एकदा."

बऱ्याच फेऱ्यांनंतर मुलगी काठावर पोट आवळून उभी राहिली. "मुना काका, थंडी वाजतेय."

"शेवटचं. मग आईस्क्रीम. बाबांना विचार हवं तर."

बाबा काही बोलले नाहीत. कॅमेरा जरासा हलला, इतकंच.

मुलगी निघाली. एक, दोन, तीन. चौथ्या दगडावर पाय लटपटला आणि टेप संपली. सावरणं नव्हतं. वळणं नव्हतं. ते दोन्ही नंतर कुणीतरी मनाने काढलेलं होतं, आणि हाक दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशीची होती.

"पुढचं कुठे आहे?" तिने मुनाकातांना विचारलं.

"संपली असेल टेप," ते म्हणाले. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "जुन्या टेपा लहानच असायच्या."

शनिवारी शिओरीने मुलीला, रिकोला, आजीकडे सोडलं आणि चित्रांची वही घेऊन टेपच्या वेष्टनावर नाव लिहिलेल्या दरीतल्या गावी बसने गेली. दगड एकदा डोळ्यांनी बघायचे होते. नदी आता उन्हाळ्यातली, शांत, घोट्याएवढी. काठावर एक छोटं दुकान होतं. मासे धरायला येणाऱ्यांसाठी एक बाई काडीला लावलेले, मीठ चोळलेले आयू मासे निखाऱ्यावर भाजत होती. ताज्या आयूला काकडीसारखा वास येतो. तो हिरवा, गार वास सगळ्या काठावर पसरला होता.

शिओरी बाकावर बसून दगड काढू लागली. बाई मागे येऊन उभी राहिली.

"चौथा चुकलाय तुझा. तो डावीकडे कललेला आहे."

शिओरीने नीट बघितलं. खरंच होतं.

"तोबिइशीची का तू?"

"कामापुरती."

"दर उन्हाळ्यात खरबुजं येतात तुमच्या साहेबांकडून. चांगली महागातली. मी ती नदीत सोडते." बाईने भाजलेला एक मासा शिओरीच्या हातात दिला. "खा. पैसे नकोत. मी सोनोए. ती उड्या मारते ना तुमच्या चित्रात, ती चिनामी. माझी मुलगी."

शिओरीच्या हातातला मासा तसाच राहिला.

सोनोए निखाऱ्यापाशी परत गेली आणि काड्या फिरवत, भाजी निवडताना बोलावं तशी बोलू लागली. "नवरा भागीदार होता मुनाकाताचा. तोच कॅमेरा धरून उभा होता. मुनाकाता त्याच्या शेजारी. पोलिसांना दोघांनी सांगितलं, पोरगी एकटीच खेळायला गेली होती. मी मान्य केलं. आपलंच लक्ष नव्हतं म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला शिव्या घातल्या. नवरा मरायला टेकला तेव्हा खरं बोलला. तोवर दारूपायी त्याचं काहीच उरलं नव्हतं."

"तुम्ही साहेबांना भेटला नाहीत?"

"गेले होते. म्हटलं, निदान ते चित्र तरी काढून टाका. तर म्हणतो, वहिनी, त्या चित्रामुळेच ती अजून जिवंत आहे." सोनोएने एक काडी उलटी केली. चरबी निखाऱ्यावर पडून चर्र झालं. "बरोबरच आहे त्याचं. जिवंत आहे. पण आंधळी आहे. इतकी वर्षं वळते, हाक मारते, आणि समोर कोण आहे ते तिला दिसत नाही. तोंडच काढलं नाही कुणी."

शिओरीने वही मिटली.

"तुला मूलबाळ?"

"मुलगी. सहा वर्षांची."

"चिनामी सातची होती." सोनोएने आतून एक फोटो आणला. शाळेची पांढरी टोपी, उन्हाने बारीक केलेले डोळे, डावा उजव्यापेक्षा किंचित लहान. "डोळे तेवढे काढ तिला. बाकी काही मागत नाही. पुढचं तिचं ती बघेल."

शिओरीने ते काढले. दयेने काढले, असं ती स्वतःला सांगत होती. पण टेपमधला तो मऊ, लाडीक आवाज आठवला की तिच्या जबड्याचे स्नायू आवळले जायचे, आणि ती दया नव्हती. टोपीच्या सावलीत दोन इवलेसे ठिपके, डावा किंचित लहान. मुद्दाम बघितल्याशिवाय कुणाला दिसलेही नसते.

नवा लोगो पहिल्यांदा लावला तो सकाळी, कंपनीच्या मोठ्या खोलीत, भरपूर उजेडात. आवाजाचं काम बघणारा तोकुनागा, तिथली दहाबारा माणसं आणि शिओरी. मुलीने दगड ओलांडले, लटपटली, सावरली, वळली. "चल ना खेळायला…"

इथे गेमचं पहिलं पान यायला हवं होतं. ते आलं नाही. मुलगी वळलेली तशीच उभी राहिली. टोपीची कड वाऱ्याने हलत होती. पाण्याचा आवाज चालूच होता.

"अडकलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"अडकलं असतं तर टोपी कशी हलली असती?" तोकुनागा पुढे वाकला. "आणि पाण्याचा आवाज मी हाकेपाशीच तोडलाय. हा कुठून येतोय?"

खोलीत काकडीचा वास दरवळला. कुणीतरी डबा उघडला असावा, असं सगळ्यांना वाटलं. शिओरीला तसं वाटलं नाही.

"अगं नंतर, बाई, नंतर," मागून एक जण थट्टेने म्हणाला. त्याच क्षणी पहिलं पान उघडलं. सगळे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला, त्यात काहीच सापडलं नाही. तोकुनागा म्हणाला, "कंपनीत हिच्याइतकी कामाची दुसरी कुणी नाही. उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही."

मग मुनाकाता बघायला आले. हात मागे बांधून, सगळ्यांशी हसतबोलत पडद्यासमोर उभे राहिले. मुलगी वळली. तिने वर बघितलं, आणि या वेळी हाक मारायला जरा वेळ घेतला. गर्दीत ओळखीचं माणूस शोधताना लागतो तेवढा.

"मुना काका… चल ना खेळायला…"

कुणी हसलं नाही.

"ही कुणाची फाजील चेष्टा आहे?" मुनाकातांचा आवाज बारीक झाला होता. "बंद करा ते."

तोकुनागाने बटण दाबलं. पडदा काळा झाला. पाणी वाहतच राहिलं. मुनाकातांच्या कपाळावरून घामाचा ओघळ भुवईपर्यंत आला. मग शाळकरी पोराने आईला ऐकू जाऊ नये म्हणून बोलावं तसे ते पुटपुटले.

"नंतर."

आवाज थांबला.

त्यानंतर कंपनीतल्या लोकांना एक गोष्ट जाणवू लागली. साहेब मधेच थबकायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. लिफ्टमध्ये. पाहुण्यांशी बोलताना. एकदा तर उदोन शेवयांचा वाडगा तोंडाशी नेलेला, आणि त्यातच 'नंतर'. खूप काम आहे बिचाऱ्यांना, असं कुणीतरी म्हणालं.

आठवड्याने त्यांनी शिओरीला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. चेहऱ्याचा गोलपणा गेला होता.

"उदागावा-सान, ते डोळे पुसून टाक."

"तुम्हाला हाक ऐकू येते?"

"सकाळी दात घासताना… गाडीत… बायको समोर बसलेली असते, तिला काही ऐकू येत नाही. नंतर म्हटलं की जाते. पण आता लवकर परत येते. पूर्वी तासाने यायची. आता…" ते थांबले. मान किंचित कलती केली. "नंतर," ते हलकेच म्हणाले, आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं. "झोपेत म्हणता येणार नाही ना. म्हणून मी झोपत नाही."

शिओरीला त्यांची कीव आली, हे खरं आहे. संगणक समोर होता, चित्र उघडं होतं.

"सोनोए-सानकडे जा," ती म्हणाली. "जे घडलं ते त्यांना तोंडाने सांगा. पोलिसांनाही सांगा. तुम्ही फोन उचला, मी इथेच पुसते."

मुनाकातांनी फोन दूर सरकवला.

"चाळीस माणसं आहेत कंपनीत. त्यांच्या पोटावर पाय देऊ? आणि मी तिला ढकललं नव्हतं गं. मी फक्त… आणखी एकदा म्हटलं. आपल्या धंद्यात सगळेच म्हणतात. तू म्हणत नाहीस?"

म्हणत होती. गेला महिनाभर त्या मुलीला पडद्यावर उड्या मारायला लावताना ती स्वतःशी तेच म्हणत आली होती. ते आठवलं आणि शिओरीचा राग दुप्पट झाला.

"मग मीही म्हणते," ती उठली. "आणखी एकदा विचार करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी फोन आला. सोनोएचा आवाज त्या दिवशीसारखाच सपाट होता.

"तो आलाय. बघायचं असेल तर ये. घाई करू नकोस, इतक्यात संपेलसं दिसत नाही."

शिओरी पोहोचली तेव्हा ऊन कललं होतं, पण उजेड स्वच्छ होता. मुनाकातांची गाडी काठावर होती, दार सताड उघडं. ते स्वतः पात्रात होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, पाय अनवाणी. पहिला दगड, दुसरा, तिसरा, चौथा. मग वळून परत. त्यांचा श्वास भात्यासारखा काठापर्यंत ऐकू येत होता. सोनोए दुकानाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती.

"केव्हापासून?" शिओरीने विचारलं.

"सकाळी आला. गाडीतून उतरला, नदीकडे बघून 'आलो' म्हणाला. मला वाटलं माझ्याशी बोलतोय."

"अहो, थांबवा त्यांना… मरतील ते."

सोनोएने शेंग सोलली. दाणे वाडग्यात टपटप पडले. "मी काय म्हटलं त्याला? मी तर काहीच म्हटलं नाही."

मुनाकाता अलीकडच्या काठाला आले. गुडघ्यांवर हात टेकून वाकले. पायांच्या तळव्यांचे लाल लाल ठसे दगडांवर उमटत होते आणि पाणी ते धुऊन नेत होतं. आता ते काठावर चढणार, असं वाटलं. तेवढ्यात पलीकडून, जिथे वाळू आणि उन्हाखेरीज काही नव्हतं, तिथून एका लहान मुलीचा आवाज आला. खुशीतला. कौतुकाचा.

"छान. आणखी एकदा."

आणि ते वळले.

शिओरी पाण्यात धावली. पाणी घोट्याएवढंच होतं, कोमट. तिने त्यांची बाही धरली. बाही बर्फासारखी होती. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते, दात वाजत होते.

"मुनाकाता-सान, सोडा हे… चला, काठावर चला…"

"पुसलेस का?" त्यांनी विचारलं. "डोळे… पुसलेस का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली, बाही हळूच सोडवून घेतली आणि उडी मारली. एक. दोन. तीन. चौथ्या दगडावर त्यांचा पाय लटपटला. ती लटपट शिओरीला पाठ होती. तिने ती स्वतःच्या हाताने काढलेली होती.

ते डावीकडे कलले आणि पाण्यात गेले. घोट्याएवढ्या पाण्यात. शिंतोडेसुद्धा उडाले नाहीत. शिओरी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी चाचपत राहिली. हाताला गोटे लागले, वाळू लागली. दुसरं काही लागलं नाही. तिने मागे वळून बघितलं. सोनोए पायरीवरून उठली होती. एप्रन झटकत होती. तिचा चेहरा कोरडा होता, आणि जिंकलेल्या माणसाचाही नव्हता. ती नदीच्या पलीकडे कुणालातरी नजरेने धरून होती.

"पुरे झालं गं," ती पलीकडे बघत म्हणाली. "घरी ये आता."

पलीकडून काही उत्तर आलं नाही.

मुनाकातांचं शरीर दोन दिवसांनी खालच्या बंधाऱ्याला लागलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. अंगावर कुठे ओरखडा नव्हता, तळवे मात्र पार सोललेले. घोट्याएवढ्या पाण्यातून माणूस इतक्या खाली कसा वाहून गेला, हे पोलिसांनी शिओरीला पुन्हा पुन्हा विचारलं. तिने जे बघितलं ते सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

नदीवरून परतलेल्या रात्रीच तिने डोळे पुसले होते. त्यानंतर कंपनीनेच लोगो काढून टाकला. गेलेल्या साहेबांचा मान म्हणून, असं तोकुनागा म्हणाला. त्याच्या जागी काळ्या पडद्यावर नुसतं नाव ठेवलं. शिओरीने त्यांच्याशी पुढे काम केलं नाही. सोनोएचं दुकान बंद झाल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं. ती कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं.

शरद ऋतूत गेम बाजारात आला. त्याची एक प्रत कंपनीने घरी पाठवली. शिओरीने ती कपाटात वर ठेवून दिली होती, पण सहा वर्षांच्या मुलांना खुर्चीवर चढता येतं. रविवारी सकाळी ती भात लावत होती. बाहेरच्या खोलीत रिको कुणाशीतरी बोलत होती. हळू आवाजात, मधे थांबून, समोरच्याचं ऐकून घेत.

"थांब हं. आईला विचारून येते."

रिको स्वयंपाकघराच्या दारात आली. मागे खोलीत पडदा काळा होता. त्यावर कंपनीचं नावही नव्हतं.

"आई, मी थोडा वेळ खेळायला जाऊ?"

"कुणाबरोबर?"

"ती आलीय ना, तिच्याबरोबर." रिको खाली बसली. "तिच्याकडे एक आजोबा आहेत, पण त्यांच्याशी खेळून खेळून तिला कंटाळा आलाय. ते सारखे पडतात म्हणे."

'नंतर' म्हणायचं होतं. तो शब्द तिला माहीत होता.

रिको तिच्या उत्तराची वाट बघत होती. आणि बघता बघता तिने पायातले मोजे काढले, एकात एक घातले आणि दाराशी नीट ठेवून दिले.